दोनशे वजा सव्वाशे

लालबागच्या आमच्या चाळीत मंडळाची एक खोली आहे. गणपतीचे दिवस आणि वर्गणीच्या बैठका सोडल्या तर ती बंदच असते. गेली सहा वर्षं संध्याकाळी साडेसहा ते आठ मी तिथे मुलांना गणित शिकवते. परळच्या एका मराठी शाळेत एकतीस वर्षं पहिली ते चौथीचे वर्ग घेतले, निवृत्त झाले, आणि महिन्याभरात चाळीतल्या आया पोरांना घेऊन दारात उभ्या राहिल्या. फी घेत नाही. घ्यायची वेळ यायलाच नको होती, कारण हे काम शाळेचं आहे.

गेल्या श्रावणात पाचवीतली एक मुलगी आली. तिची आई दादरच्या फुलबाजाराबाहेर गजरे आणि वेण्या विकते. सणावाराला आणि शनिवार-रविवारी ही मुलगीही शेजारी बसते. मी तिला तोंडी विचारलं, गिऱ्हाइकाने सव्वाशेचा माल घेतला, दोनशेची नोट दिली, परत किती द्यायचे? माझं वाक्य संपायच्या आत उत्तर आलं, पंच्याहत्तर. कसं काढलंस? "सव्वाशेला पंचवीस टाकले की दीडशे, वर पन्नास." मग मी वही पुढे केली. वर २००, खाली १२५, मध्ये वजाबाकीची खूण. तिने पेन्सिल धरली, ओठ आवळले. शून्यातून पाच जात नाहीत, म्हणून पाचातून शून्य घालवला आणि ५ लिहिले. शून्यातून दोन जात नाहीत, म्हणून दोनातून शून्य, २. दोनातून एक गेला, १. उत्तर १२५.

मी विचारलं, बरोबर आहे?

"हो, बाई."

"मग मघाशी पंच्याहत्तर म्हणालीस ते?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला प्रश्नच कळला नाही. मग म्हणाली, "ते बाजारातलं."

पाच वर्षं शाळेत जाऊन या मुलीला एवढंच समजलं, की बाजारातलं गणित वेगळं आणि शाळेतलं वेगळं. बाजारातलं खरं असतं, चुकलं तर आईचे पैसे जातात. शाळेतलं खरं नसतं, तिथे चौकटीत आकडे भरायचे असतात. दोनशेतून सव्वाशे गेले आणि सव्वाशेच उरले, हे तिच्या डोळ्यांना खटकलं नाही, कारण कागदावरच्या १२५ चा सव्वाशेशी काही संबंध असतो हे तिला कोणी दाखवलंच नव्हतं. आणि तिचा वर्ग, ऐकून ठेवा, 'ज्ञानरचनावादी वर्ग' आहे. तशी पाटीच लावलेली आहे. मी तो वर्ग पाहून आले. शाळेचं नाव सांगणार नाही, कारण अशा शाळा एक-दोन नाहीत. फरशीवर ऑइल पेंटने रंगवलेली शंभरापर्यंतच्या अंकांची चौकट, गोलात फुलपाखरं, भिंतीवर दशक-एककाचे तक्ते, छताला टांगलेले पुठ्ठ्याचे अंक. कपाटात गणिताची पेटी. पेटीतल्या काड्यांच्या पिशवीचं प्लास्टिक अजून फाडलेलं नव्हतं. हरवलं तर भरून कोण देणार, म्हणून कुलूप.

मी ज्ञानरचनावादाच्या विरोधात आहे असं कोणी समजू नये. मूल ज्ञान स्वतः रचतं ही गोष्ट मी मुलांच्या चेहऱ्यावर एकतीस वर्षं पाहिली आहे. 'सात' हा आकडा मुलाच्या डोक्यात कोणी ओतू शकत नाही. सात काड्या, सात चिंचोके, सात पायऱ्या मोजता मोजता एक दिवस त्याचं त्यालाच उमगतं की कसंही मांडलं तरी ते सातच राहतात. मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजेने हे जिनेव्हात मुलांबरोबर बसून दाखवलं. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि मग कोसबाडला आदिवासी मुलांबरोबर ते करून दाखवलं, पाने, शंख-शिंपले, बिया हेच साहित्य घेऊन. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने हा विचार देशभर नेला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमात मुलाने कृतीतून, शोधातून शिकावं असं लिहिलेलं आहे. त्यात एक शब्दही चुकीचा नाही.

चुकलं ते पुढे. २२ जून २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय आला. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटात प्रतिभा भराडे या शिक्षण विस्तार अधिकारी आणि त्यांच्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने काम उभं केलं होतं. ते पाहायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या जाऊ लागल्या. तिथलं खरं काम होतं शिक्षकाचं मुलाशेजारी बसणं. कोणत्या मुलाचं कुठे अडलं आहे हे रोज बघणं, काडीवर करून घेणं, बोलायला लावणं, लिहायला लावणं, पुन्हा करून घेणं. ते फोटोत येत नाही. फोटोत येते ती फरशी. म्हणून गावोगाव आणि मुंबईतही फरश्या रंगल्या. पालकांकडून वर्गणी काढून रंग आणले गेले, रविवारी शिक्षकांनी गुडघ्यावर बसून आकडे काढले, शाळा प्रगत झाल्याचं जाहीर झालं. माझ्या सहकाऱ्यांच्या त्या गुडघ्यांबद्दल मला आदर आहे. ज्यांनी त्या रंगाला शिक्षण म्हटलं, त्यांच्याबद्दल नाही.

रंगाबरोबर एक शब्द आला, 'सुलभक'. शिक्षक शिकवणारा नाही, तो सुलभक आहे, असं आम्हाला एका प्रशिक्षणात तीन दिवस ऐकवलं. मूल स्वतः शोधेल, तुम्ही मध्ये येऊ नका. उदाहरणं सोडवून दाखवू नका, ती घोकंपट्टी. पाढे म्हणून घेऊ नका, ती घोकंपट्टी. एकाच प्रकारची दहा उदाहरणं घालू नका, मुलं कंटाळतात. मी उभं राहून विचारलं की हातच्याची वजाबाकी मुलाने आपली आपण कशी शोधायची? माणसाला ती लिहायची रीत सापडायला हजारो वर्षं लागली, माझ्या वर्गात तासिका पस्तीस मिनिटांची आहे. उत्तर मिळालं नाही. पुढच्या तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी शेरेबुकात लिहिलं, 'फळ्यावर उदाहरणे सोडवून घेतली जातात. वर्ग ज्ञानरचनावादी नाही.' त्या दिवशी माझ्या तिसरीच्या छत्तीस मुलांपैकी एकतीस जणांना तीन अंकी वजाबाकी येत होती. साहेबांनी एकालाही पाटी हातात दिली नाही. दहा मिनिटांत फोटो काढून गेले.

पियाजेच्या नावावर हे खपवणाऱ्यांनी निदान पुढची पानं वाचायला हवी होती. मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्कीने सांगितलं की मूल आज एकट्याने जे करू शकत नाही ते जाणत्याच्या मदतीने करतं, आणि उद्या एकटं करतं. शिकणं घडतं ते त्या मधल्या जागेत. त्या मदतीला ब्रूनर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये जो 'स्कॅफोल्डिंग' हा इंग्रजी शब्द वापरला, त्याचा आमच्या परळमधला अर्थ परांची. इथे गिरण्यांच्या जमिनींवर चाळीस-चाळीस मजल्यांचे टॉवर उठताना आम्ही रोज पाहतो. परांचीशिवाय एक मजला चढत नाही. काम झालं की परांची उतरवतात, हे खरं. आम्हाला मात्र सांगितलं गेलं की परांची बांधूच नका, इमारत आपोआप रचली जाईल. २००६ मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या तिघांनी एक गाजलेला लेख लिहिला. नवशिक्याला विना-मार्गदर्शन शोधायला सोडलं तर त्याचं डोकं शोधाशोधीतच थकतं आणि शिकायचं ते राहून जातं, हे त्यात त्यांनी मांडलं. म्हणजे आम्ही हे सगळं सुरू करण्याच्या नऊ वर्षं आधी हे छापून आलं होतं.

माझं मुख्य गाऱ्हाणं यापुढचं आहे. वर्गातून सराव काढला म्हणजे सराव संपला असं होत नाही. तो घरी जातो. ज्याचं घर तो करून घेऊ शकतं, त्याचंच गणित वाचतं.

दादरच्या हिंदू कॉलनीत, शिवाजी पार्कला, माटुंग्याला जाऊन बघा. शाळा सुटली की मुलं कुठे जातात? अबॅकसला, वैदिक गणिताला, शिकवणीला. आई बसते, आजोबा बसतात, रात्री वहीत वीस उदाहरणं होतात. शाळेतल्या 'आनंददायी' तासाचं काय झालं याने त्या मुलाचं काही बिघडत नाही, त्याची बेरीज-वजाबाकी घरी पक्की होते. मग निकाल लागला की शाळा म्हणते, आमची पद्धत बघा. तुमची पद्धत नाही, त्याची आजी. आणि लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे आई फुलबाजारात पहाटे चारला जाते, बाप रात्रपाळीचा सिक्युरिटी गार्ड आहे, तिथे कोण बसणार? त्या मुलाला सराव मिळण्याची जगात एकच जागा होती, शाळा. तिथून तो आपण काढून घेतला, आणि वर हे पुरोगामी शिक्षण आहे असं त्याला सांगितलं. गरिबाच्या मुलाची एवढी मोठी फसवणूक पूर्वीच्या छडीवाल्या मास्तरांनीही केली नव्हती.

छडीवाल्यांचं नाव निघालं म्हणून दुसऱ्या बाजूच्या लोकांनाही सोडत नाही. मी गिरगावात वाढले, ठाकुरद्वारजवळच्या चाळीत. दिवेलागणीला गॅलरीत ओळीने बसून आम्ही पर्वचा म्हणायचो. शुभंकरोती, मग पाढे तीसपर्यंत, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. आज साठी ओलांडलेले माझ्या वयाचे लोक समारंभात भेटले की सांगतात, बाई, आमच्या वेळचं ते गणित! तेच परत आणा. तुमच्या वेळचं गणित तुम्हाला आठवतं, कारण तुम्ही टिकलात. माझ्या चौथीच्या वर्गात जी मुलं पाढ्याला अडखळायची, त्यांना बाकावर उभं करायचे, हातावर पट्टी बसायची, आणि पुढच्या वर्षी ती दिसायची नाहीत. ती कोणाला आठवत नाहीत, म्हणून त्यांचा हिशेब कोणी मांडत नाही. सवायकी पाठ असलेला आमचा एक शेजारी सव्वा म्हणजे किती हे कागदावर काढून दाखवू शकत नव्हता. अर्थ नसलेला सराव आणि सराव नसलेला अर्थ, दोन्ही पोराला सारखेच बुडवतात.

याच पाढेप्रेमी मंडळींनी जून २०१९ मध्ये मंगला नारळीकरांचं काय केलं ते मी विसरलेले नाही. बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणित पुस्तकात संख्या वाचायची जोडीची रीत दिली होती, 'एकवीस'बरोबर 'वीस एक'. एकवीस काढून टाकलेलं नव्हतं. त्या वेळी गणित समितीच्या अध्यक्ष मंगलाताई होत्या, मुंबई विद्यापीठात गणितात पहिल्या आलेल्या, अंकसिद्धांतात डॉक्टरेट केलेल्या, मुलांसाठी सोपं लिहिणाऱ्या. महाराष्ट्र त्यांच्यावर तुटून पडला. मराठी बुडाली, संस्कृती बुडाली अशा आरोळ्या. विधानसभेत आडनावांवरून कोट्या झाल्या. त्या हसणाऱ्यांपैकी कितीजण दुसरीच्या वर्गात कधी श्रुतलेखन घालायला उभे राहिले होते? मी बाईंच्या वतीने सांगते तिथे काय होतं. 'बेचाळीस' म्हटलं की वर्गातली आठ-दहा मुलं २४ लिहितात. ती मुलं मठ्ठ नसतात. आपण आधी दोन उच्चारतो आणि मग चाळीस, आणि मूल ऐकलं त्या क्रमाने लिहितं. 'एकोणसाठ' लिहायला तर सहा वर्षांच्या मुलाने आधी साठ ओळखायचे आणि त्यातून एक काढायचा. एकोणीस ते एकोणनव्वद हा नियम पाळायचा आणि नव्व्याण्णवला येऊन तो मोडायचा. कानडी, तेलुगू, तमिळ मुलाला हा त्रास नाही, तिथे दशक आधी येतो. मूल अडतं कुठे हे बघून वाट सोपी करणं, खरा ज्ञानरचनावाद तो हाच. तो पुस्तकात आला तेव्हा आपण त्याची टिंगल केली आणि फरशीवर ऑइल पेंट आला तेव्हा टाळ्या वाजवल्या. मंगलाताई जुलै २०२३ मध्ये गेल्या. त्यांची माफी मागायची राहून गेली आहे.

आता कोणी म्हणेल, बाई, तुमची एक फुलवाली मुलगी म्हणजे पुरावा होत नाही. पुरावा आहे. आपल्याच शहरातला आहे, आणि कोणी उघडून बघत नाही. धारावीत काम करणाऱ्या मुलांना पैशाचं, मापांचं, हिश्शांचं किती गणित येतं, आणि शाळेत त्याला कशी जागा मिळत नाही, याचा अभ्यास होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या अरिंदम बोस आणि के. सुब्रमण्यम यांनी केलेला आहे. हे केंद्र १९७४ मध्ये सुरू झालं. मानखुर्दला स्वतःच्या वास्तूत जाण्याआधी ते नाना चौकातल्या महापालिकेच्या शाळेत चालायचं, गिरगावातून चालत दहा-पंधरा मिनिटं. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्के आणि सहकाऱ्यांचं संशोधन छापून आलं. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं भावाचे किचकट हिशेब तोंडी अचूक करत होती. तीच उदाहरणं शाळेच्या पद्धतीने कागदावर दिली की अडत होती. उलट, बाजारात काम न करणारी शाळकरी मुलं कागदावरचं करत होती आणि बाजारातल्या हिशेबात अडकत होती. ही फुलवाली मुलगी मला जे दोन शब्दांत म्हणाली, 'ते बाजारातलं', ते तिथे शेकडो मुलांवर मोजून दाखवलेलं आहे.

मुंबईत उपाय करूनही पाहिलेला आहे. 'प्रथम' संस्थेने महापालिकेच्या शाळांत बालसखी योजना चालवली. वस्तीतलीच एखादी शिकलेली तरुणी, तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं, रोज दोन तास, मूल जिथे आहे तिथून सुरुवात. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्यात या योजनेची शास्त्रशुद्ध चाचणी झाली. गुण वाढले, आणि सगळ्यात जास्त वाढले ते सगळ्यात मागे असलेल्या मुलांचे. योजनेतून बाहेर पडल्यावर वर्षभरात ती वाढ बरीचशी ओसरली, हेही त्याच अभ्यासात आहे. मला ते अगदी पटतं. सराव म्हणजे जेवण, ते रोज लागतं. ही चाचणी करणाऱ्या अभ्यासकांपैकी दोघांना, त्याच बॅनर्जी आणि डुफ्लो यांना, २०१९ मध्ये नोबेल मिळालं. ज्या शहरातल्या पोरांवर हे सिद्ध झालं, त्या शहरातल्या पाचवीतल्या मुलीला २०० वजा १२५ येत नाही.

आणि ती एकटी नाही. डिसेंबर २०२४ च्या 'परख' राष्ट्रीय सर्वेक्षणात तिसरीच्या फक्त ५५ टक्के मुलांना ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या-उतरत्या क्रमाने लावता आल्या. सहावीत दहापर्यंतचे पाढे येणारी मुलं ५३ टक्के. 'असर' या शिक्षण सर्वेक्षणाचा अहवाल दर वेळी गाजतो, पण तो खेड्यांत होतो, गिरगाव-लालबागचं पोर त्यात मोजलंच जात नाही. म्हणून मुंबईत सगळ्यांनी ठरवून टाकलं आहे की हा प्रश्न गडचिरोली-नंदुरबारचा. माझ्या खोलीत या, संध्याकाळी.

त्या मुलीबरोबर मी काय केलं ते सांगते, कारण त्यात काही जादू नाही. आइस्क्रीमच्या काड्या आणि रबरबँड. दहाचा एक गठ्ठा, असे दहा गठ्ठे बांधून शंभराचा एक मोठा. दोन मोठे गठ्ठे तिच्यासमोर ठेवले आणि म्हटलं, यातून सव्वाशे मला दे. एक मोठा गठ्ठा तिने लगेच दिला. मग हात थबकला. सुट्या काड्या नव्हत्या. दुसऱ्या गठ्ठ्याकडे ती बराच वेळ बघत बसली. मी गप्प राहिले, इथे गप्प राहायचंच असतं. मग तिने मोठा रबर काढला, दहा गठ्ठे मोकळे केले. दोन मला दिले. अजून पाच हवे. एका लहान गठ्ठ्याचा रबर काढला, पाच काड्या मोजून दिल्या. समोर सात गठ्ठे आणि पाच काड्या उरल्या. "पंच्याहत्तर!" आणि लगेच, "म्हणजे बाई, सुट्टे केले!"

हा तिचा शोध. तो मी तिला देऊ शकले नसते. पण इथून पुढचं काम माझं होतं, आणि इथेच सुलभकाने पळ काढला असता. जे हाताने केलंस ते वहीत कसं दिसतं, ते मी फळ्यावर लिहून दाखवलं. शतक मोडलं की वरचा २ खोडून १, शेजारच्या शून्यावर १०. दशक मोडलं की त्या १० चे ९, एककाच्या घरात १०. प्रत्येक खाडाखोडीला कोणता रबर सुटला ते तिने सांगायचं. काड्या आणि वही, काड्या आणि वही, असे चार दिवस. पाचव्या दिवशी काड्या बाजूला. मग रोज आठ उदाहरणं, नुसत्या वहीत, तीन आठवडे. ३०० वजा १४७, ५०० वजा २६८, ४०२ वजा १८५. उत्तर आलं की बाजाराच्या पद्धतीने पडताळायचं, वर किती टाकले की पाचशे होतात. दुसऱ्या आठवड्यात ती कंटाळली, तरी केलं. तिसऱ्या आठवड्यात वेग आला आणि कंटाळा गेला. मुलं उदाहरणांना कंटाळत नाहीत, न येण्याला कंटाळतात.

यात न परवडणारं काय आहे? काड्यांना शंभर रुपयेही लागले नाहीत. लागला तो वेळ, आणि मुलाशेजारी बसलेला शिक्षक. तोच आपण वर्गातून उचलून नेतो. मतदार याद्या, निवडणूक, सर्वेक्षण, पोर्टलवर माहिती, लिंक भरा, फोटो पाठवा, आज संध्याकाळी पाचपर्यंत. माझ्या जागी आलेली शिक्षिका मला फोनवर सांगते की आठवड्यातले दोन गणिताचे तास मोबाइल हातात धरून जातात. जुलै २०२१ मध्ये 'निपुण भारत' अभियान सुरू झालं. तिसरी पूर्ण करेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता आणि मूलभूत गणित करता यावं, मुदत २०२६-२७. उद्दिष्ट योग्य आहे. पण त्या उद्दिष्टाचा अहवाल भरण्यात जर उद्दिष्टाचाच तास जाणार असेल, तर ते उद्दिष्ट नाही, छळ आहे.

माझी मागणी फार नाही. पहिली ते पाचवी, रोज, शाळेच्या वेळेत, वर्गात, अर्धा तास तोंडी आणि अर्धा तास लेखी गणित. त्या तासात शिक्षकाला कोणी हाक मारायची नाही, महापालिकेने नाही, मंत्रालयाने नाही, निवडणूक कार्यालयानेही नाही. काड्या कपाटात नाही, मुलांच्या हातात. समजलं की वहीत, आणि वहीत झालं की पुन्हा उद्या. गृहपाठ दिला नाही तरी चालेल. आईबापांवर सोडायचं नाही.

तुम्ही गिरगावात राहत असाल, परळला, दादरला, कुठेही, आज एक करा. तुमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंचं, वॉचमनचं, फुलवालीचं मूल चौथी-पाचवीत असेल. त्याला कागदावर २०० वजा १२५ मांडून द्या. उत्तर १२५ आलं तर त्याला रागावू नका. त्याच्या आईबरोबर शाळेत जा. फरशी बघू नका, तक्ते बघू नका. वही मागा, आणि या आठवड्यात या मुलाने शाळेच्या वेळेत किती उदाहरणं सोडवली ती पानं मोजा.